प्राचीन इजिप्तमधील प्राण्यांचे दगडी ताईत कसे वाचावेत: नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक

प्राचीन इजिप्तमधील प्राण्यांचे छोटे दगडी ताईत अभ्यासायला घेणारा नवखा माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो “हा कोणता प्राणी आहे?” असा. माझ्या मते हा प्रश्न बराच उशिरा विचारावा. ताईत माणसाच्या अंगावर, दोऱ्यात ओवून किंवा कापडी पट्ट्यांत गुंडाळून, राहण्यासाठीच घडवलेला असतो. त्यामुळे तो कोणत्या दगडाचा आहे, त्याला छिद्र कोठून पाडले आहे, तो कोणाच्या थडग्यात आणि देहाच्या कोणत्या भागावर सापडला, हे आधी समजून घेतले तर प्राण्याचा अर्थ लावताना निम्म्या चुका टळतात. म्हणून पुढील पायऱ्यांत दगड आणि छिद्र प्राण्याआधी येतात; सापडण्याची जागा प्राणी व काळ यांच्यानंतर येते, पण अर्थ पक्का करायचा तो ती वाचल्यावरच. संग्रहालयाच्या काचेसमोर उभे राहून किंवा घरी बसून संग्रहालयांच्या ऑनलाइन नोंदी उघडून, दोन्ही प्रकारे त्या पाळता येतात.

पहिली पायरी: संग्रह निवडा आणि क्षेत्र लहान ठेवा

सुरुवात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पेट्री संग्रहालयापासून करावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. तेथे सुमारे ८०,००० वस्तू आहेत, त्यांच्या नोंदी ऑनलाइन पाहता येतात, आणि मुख्य म्हणजे त्यांतील पुष्कळ वस्तू उत्खननातून आलेल्या असल्यामुळे त्यांचे मूळ ठिकाण ठाऊक आहे. ज्यांचे नाव या संग्रहालयाला आहे त्या पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १९१४ मध्ये ताइतांची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यात त्यांनी २७५ प्रकार वेगळे केले आणि त्यांची पाच गटांत विभागणी केली: ज्याच्यासारखे रूप त्याच्यासारखा गुण देणारे, सत्ता व सामर्थ्य देणारे, मृताच्या मालमत्तेची जागा घेणारे, संरक्षण करणारे आणि देवतांची रूपे असणारे. ही विभागणी आज कोणी जशीच्या तशी वापरत नाही, तरीही नवख्याने ती समजून घ्यावी. कारण एकाच प्राण्याचे ताईत वेगवेगळ्या गटांत का पडू शकतात, हा प्रश्न तिच्यामुळे पहिल्याच दिवशी समोर येतो.

नोंदी वाचताना क्रमांकाआधीची अक्षरे ओळखू यायला हवीत. ‘यूसी’ म्हणजे पेट्री संग्रहालय, ‘ईए’ म्हणजे ब्रिटिश म्युझियमचा इजिप्शियन विभाग, आणि ‘जेई’ म्हणजे कैरोच्या संग्रहालयाची मूळ आवक-नोंदवही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची छायाचित्रेही मोठ्या आकारात पाहता येतात. मात्र सुरुवातीला एकाच संग्रहातील, एकाच काळातील आठ-दहा वस्तू घ्याव्यात. सगळा इजिप्त एकदम उघडून बसल्यास चार हजार वर्षांचा पसारा अंगावर येतो आणि काहीच हाती लागत नाही.

दुसरी पायरी: मोजमाप पाहा

पडद्यावर सगळ्या वस्तू सारख्याच आकाराच्या दिसतात. यातील बहुसंख्य ताईत एक ते तीन सेंटिमीटरचे आहेत आणि काही तर एक सेंटिमीटरहूनही लहान आहेत. कागदावर तेवढी रेघ ओढून ती डोळ्यांसमोर ठेवावी आणि मगच छायाचित्राकडे वळावे. पाणघोड्याचे पाय सुटे का कोरले नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या रेघेतच असते.

तिसरी पायरी: दगड ओळखा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रथम दगड आणि फायान्स यांतला भेद पक्का करावा. फायान्स हा दगड नाही. वाळूतील गारेचा चुरा, क्षार आणि तांब्याचा रंग यांपासून घडवून भाजलेला तो पदार्थ आहे. त्याचा बाहेरचा थर निळा-हिरवा व चकचकीत असतो, आणि टवका उडालेल्या जागी आत पांढरट किंवा करडा, रवाळ गाभा दिसतो. नव्या राज्यकाळापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १५५० पासून, असे ताईत मातीच्या साच्यांतून मोठ्या संख्येने काढले जात. अमार्ना या प्राचीन राजधानीच्या जागी असे हजारो साचे सापडले आहेत. दगडी ताईत मात्र प्रत्येक वेळी नव्याने कोरावा लागे, आणि म्हणून प्रत्येकात कारागिराच्या हाताचा फरक राहतो.

दगडांमध्ये दोन टोके ध्यानात ठेवावीत. एका टोकाला शंखजिरे. नखानेही ओरखडा उठेल इतक्या या मऊ दगडावर बारीक रेषा, पंखांच्या खाचा आणि तळाची चित्रलिपी सहज कोरता येते; कोरून झाल्यावर त्यावर झिलई चढवून तो भाजला की तो कठीण होतो. शतकानुशतकांत ही झिलई झिजते आणि ताईत मातकट पांढरा किंवा तपकिरी दिसू लागतो, तरी खोल रेषांच्या तळाशी निळा-हिरवा अंश बऱ्याचदा टिकून असतो. तो शोधण्यासाठी छायाचित्र पूर्ण मोठे करावे. दुसऱ्या टोकाला कार्नेलियन, म्हणजे लालसर-नारिंगी अकीक. हा गारगोटीच्याच जातीचा आहे आणि तांब्याचे हत्यार त्यावर चालत नाही. वाळूसारख्या घर्षकाने घासूनच त्याला आकार द्यावा लागतो. म्हणूनच कार्नेलियनचे प्राणी गोलसर, गोळीबंद आणि मोजक्या खुणांचे असतात. त्यांना ‘ओबडधोबड’ म्हणून बाजूला सारणारा अभ्यासक दगडाचा कठीणपणा कारागिराच्या माथी मारतो. हे मला अन्यायाचे वाटते, कारण सहा-सात मिलिमीटरच्या कार्नेलियनमध्ये केवळ पाठीचा बाक आणि मानेची खाच यांवरून बसलेला सिंह ओळखू येणे ही मोठी कामगिरी आहे.

लाल दगड दिसला की तो कार्नेलियन आहे की जास्पर, हे पाहावे. कार्नेलियनमधून उजेड आरपार झिरपतो, कडा उजळ दिसतात. लाल जास्पर पूर्ण अपारदर्शक असतो. निळा दगड लाजवर्द असेल तर त्यात सोनेरी ठिपके किंवा पांढऱ्या शिरा दिसतात. तो इजिप्तमध्ये मिळत नाही, आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानमधून हजारो किलोमीटरचा प्रवास करून तो येत असे. पिरोजा सिनाईतून येई. तेथील सेराबित अल-खादिमच्या खाणी प्रसिद्ध आहेत. जांभळा अॅमेथिस्ट प्रामुख्याने मध्य राज्यकाळाची (इसवी सनापूर्वी सुमारे २०५० ते १६५०) खूण मानावी, कारण त्या काळात वादी अल-हुदी येथील खाणींवर राजांच्या मोहिमा जात. फिकट निळसर-हिरवा फेल्डस्पार, गडद हिरवा सर्पेंटाईन आणि काळसर धातुवत चमकणारा हेमेटाइट हेही वारंवार भेटतात.

रंगाला अर्थ होता. हिरवा म्हणजे कोवळी वाढ आणि पुनर्जीवन, लाल म्हणजे रक्त, सामर्थ्य आणि त्याबरोबरच धोका, निळा म्हणजे आकाश. ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहात काही ताइतांसाठी दगडसुद्धा नेमून दिला आहे. उदाहरणार्थ, १५६ व्या प्रकरणातील इसिस या देवीची गाठ लाल जास्परची असावी असे सांगून तिचा संबंध इसिसच्या रक्ताशी जोडला आहे. मात्र नेमलेला दगड परवडला नाही तर त्याच रंगाची काच किंवा फायान्स चालवून घेत. म्हणून ‘रंग कोणता’ आणि ‘पदार्थ कोणता’ या दोन गोष्टींसाठी वहीत दोन वेगळे रकाने ठेवावेत.

चौथी पायरी: छिद्र शोधा

ओवण्यासाठी पाडलेले छिद्र ताईत कसा वापरला गेला ते सांगते. ते लांबीच्या दिशेने, नाकापासून शेपटीपर्यंत गेले असेल तर ताईत मण्यासारखा माळेत आडवा बसत असे; शेणकिड्याच्या ताइतांत बहुधा असेच असते. पाठीवर किंवा डोक्यावर कडी ठेवलेली असेल तर तो पदकासारखा खाली लोंबत असे, आणि प्राण्याचे तोंड कोणत्या बाजूला येईल हेही त्यावरून ठरे. छिद्र किंवा कडी मुळीच नसेल तर दोन शक्यता तपासाव्यात: तो सोन्याच्या कोंदणात बसवला असेल, किंवा ममीच्या पट्ट्यांच्या थरांत नुसता ठेवण्यासाठी घडवला असेल.

छिद्र पाडणाऱ्यांचे काम आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. थेबिस येथील वजीर रेखमिरे याच्या थडग्यातील भिंतीवर मणी घडवणारे कारागीर रंगवले आहेत, आणि सोबेकहोतेपच्या थडग्यातील तशाच चित्राचा तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. धनुकलीच्या दोरीने एकाच वेळी अनेक गिरमिटे फिरवत बसलेली ही माणसे पाहिल्यावर कार्नेलियनमधल्या एका छिद्रामागचा वेळ आणि कष्ट लक्षात येतात. कठीण दगडात ते दोन्ही बाजूंनी पाडत आणि मध्ये जुळवत. त्यामुळे दोन्ही तोंडे रुंद, आतला भाग अरुंद, आणि कधी मधोमध किंचित पायरी राहिलेली असते.

यानंतर छिद्राच्या कडा पाहाव्यात. दोऱ्याच्या घर्षणाने तेथे गुळगुळीत खाच पडली असेल तर तो ताईत कोणीतरी हयातीत दीर्घकाळ घातला होता. कडा अगदी ताज्या असतील तर तो दफनासाठीच घडवला असण्याची शक्यता वाढते, परंतु केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. इजिप्शियन माणूस ताईत जिवंतपणीही घाले आणि मेल्यावरही सोबत नेई, हे विसरले की प्रत्येक वस्तूला उगाच मृत्यूशी जोडण्याची सवय लागते.

पाचवी पायरी: आता प्राणी ओळखा

येथे घाईने देवतेचे नाव लावण्याचा मोह आवरावा. ससाणा म्हणजे होरस, मांजर म्हणजे बास्तेत, मगर म्हणजे सोबेक, असे कोष्टक पाठ करणे सोपे आहे. उत्तर काळातील (इसवी सनापूर्वी ६६४ नंतरच्या) देवताताइतांना ते बऱ्यापैकी लागूही पडते. परंतु त्याच्या हजारो वर्षे आधीपासून लोक प्राणी गळ्यात घालत होते. ताइतांचे सर्वांत जुने नमुने बदारी संस्कृतीतील, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ४४०० ते ४००० या काळातील आहेत, आणि त्यांत पाणघोडा व हरिणवर्गीय प्राण्याचे डोके आहे. तेव्हाच्या माणसाला नदीत पाणघोड्याची भीती होती आणि रानात हरणाची शिकार हवी होती. म्हणून प्रत्येक प्राण्याबाबत स्वतःला विचारावे: या प्राण्यापासून बचाव हवा होता, की त्याचा गुण अंगी यावा अशी इच्छा होती? बाळाच्या गळ्यात वाघनखे बांधणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला या दोन्ही इच्छा एकाच वस्तूत कशा राहतात, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

काही रूपे नीट पारखून घ्यावीत. चार पायांवर उभा पाणघोडा आणि तावेरेत ही देवी यांत गल्लत होते. तावेरेत मागच्या पायांवर उभी असते, तिचे पोट गरोदर बाईसारखे पुढे आलेले, स्तन लोंबते, पंजे सिंहाचे आणि पाठीवरून उतरणारा भाग मगरीचा असतो. ती प्रसूतीच्या वेळी आई व बाळ यांचे रक्षण करी. सिंह बहुधा पुढचे पाय पसरून बसलेला असतो, तर मांजर ताठ बसते आणि शेपटी अंगालगत ठेवते. बबून गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला असतो, आणि तो व शराटी पक्षी ही दोन्ही लेखनाचा देव थोथ याची रूपे आहेत. माशी वरून पाहावी. मिटलेल्या पंखांचा त्रिकोण आणि दोन फुगीर डोळे एवढ्यावर ती ओळखू येते. दगडी माशा राजवंशपूर्व काळापासून सापडतात, आणि नव्या राज्यकाळाच्या आरंभी राणी अहहोतेपच्या दफनात सोन्याच्या तीन मोठ्या माशा होत्या, ज्यांचा संबंध पराक्रमाच्या पुरस्काराशी जोडला जातो.

बेडूक मला सर्वांत प्रिय आहे. नाईलचा पूर ओसरल्यावर चिखलातून असंख्य बेडूक निघत, आणि त्यामुळे तो विपुल प्रजननाचे आणि पुन्हा मिळणाऱ्या आयुष्याचे रूप झाला. बेडकाच्या रूपातील हेकेत ही देवी प्रसूतीत मदत करी. बर्लिनमध्ये असलेल्या वेस्टकार पपायरसातील एका कथेत तीन भावी राजांच्या जन्माच्या वेळी इतर देवतांबरोबर हेकेतही सुइणीचे काम करते. त्याच पपायरसातील दुसरी कथा माशाच्या ताइतासाठी वाचलीच पाहिजे. स्नेफेरू राजाच्या करमणुकीसाठी वीस तरुणी तळ्यात नाव वल्हवत असताना एकीचा पिरोज्याचा मासा पाण्यात पडतो. ती वल्हे थांबवते, राजाने देऊ केलेला दुसरा दागिना नाकारते आणि आपलाच परत मागते. शेवटी जाजाएमांख हा पुरोहित मंत्राने तळ्याचे पाणी एका बाजूवर दुसरी बाजू ठेवून दुमडतो आणि तळाशी पडलेला मासा उचलून देतो. मध्य राज्यकाळात असे मासे मुलींच्या वेणीच्या टोकाला बांधत आणि ते बुडण्यापासून वाचवतात असे मानले जाई. एडिनबरोच्या नॅशनल म्युझियममधील हरागेह येथील सोन्याचा मासा याच जातीचा आहे.

शेणकिड्याबद्दल स्वतंत्र सावधगिरी हवी, कारण प्रत्येक शेणकिडा ताईतच असतो असे नाही. शेणाची गोळी लोटणारा हा कीटक सूर्याला पुढे ढकलणाऱ्या खेप्री या देवाचे रूप होता, आणि त्याचे लहान नमुने ताईत म्हणून तसेच शिक्के म्हणूनही वापरले जात. नव्या राज्यकाळातील राजा तिसऱ्या अमेनहोतेपने शंखजिऱ्याचे मोठे शेणकिडे घोषणापत्रांसारखे वाटले होते. त्यांतील एका मालिकेत त्याने राज्याच्या पहिल्या दहा वर्षांत शंभराहून अधिक सिंह मारल्याचे कोरले आहे. हृदयावर ठेवायचा शेणकिडा याहून वेगळा असतो. तो आकाराने मोठा आणि बहुधा हिरव्या किंवा गडद दगडाचा असतो, आणि तळावर ‘मृतांच्या पुस्तका’तील ३० ब हे प्रकरण असते, ज्यात मृत माणूस आपल्या हृदयाला न्यायनिवाड्याच्या वेळी आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस अशी विनवणी करतो. ब्रिटिश म्युझियममधील सोबेकेमसाफ राजाचा सोन्यात जडवलेला हिरव्या जास्परचा नमुना याच प्रकारातील जुन्या नमुन्यांपैकी एक आहे. त्याला कीटकाच्या तोंडाऐवजी माणसाचा चेहरा आहे.

सहावी पायरी: काळ ठरवा

काळ ठरवताना दगड आणि प्राणी यांची जोडी पाहावी, एकटा प्राणी नव्हे. साधा, मणीवजा, फार लहान कार्नेलियनचा प्राणी दिसला तर जुन्या राज्याचा शेवट ते पहिला मध्यांतर काळ, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण २२०० ते २०५०, या टप्प्याचा विचार करावा. अॅमेथिस्टचा गुळगुळीत शेणकिडा किंवा सिंह मध्य राज्यकाळाकडे नेतो. लाल कार्नेलियनचे सापाचे डोके नव्या राज्यकाळापासून दिसू लागते. इसवी सनापूर्वी ६६४ नंतरच्या उत्तर काळात एका ममीवर डझनावारी ताईत ठेवले जात आणि कठीण दगडांचे कोरीव काम पुन्हा फार नेटके होते. हे सगळे अंदाज आहेत. पक्का काळ थडग्यातून मिळतो.

सातवी पायरी: सापडण्याची जागा वाचा

नोंदीतील ‘सापडण्याचे ठिकाण’ हा रकाना रिकामा असेल तर ताइताचा अर्धा अर्थ गेला, असे मी मानतो. ब्रिटिश उत्खननकार गाय ब्रंटन यांनी १९२० च्या दशकात काऊ, बदारी आणि मोस्तागेद्दा या परिसरातील साध्या गावकऱ्यांची थडगी उकरली आणि कोणता ताईत कोणत्या कबरीत होता याच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून दिसते की पहिल्या मध्यांतर काळात असे ताईत प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले यांच्या अंगावर असत. ज्यांना बाळंतपणाचा, तापाचा आणि विंचवा-सापांचा धोका सर्वाधिक होता, त्यांच्या गळ्यात आणि मनगटावर ही चिमुकली जनावरे होती. राजघराण्यातील उदाहरणही याच दृष्टीने पाहावे. १९२५ मध्ये तुतानखामेन या राजाच्या ममीचे आवरण उघडताना त्याचे थडगे शोधणारे हॉवर्ड कार्टर यांनी आतल्या १४३ वस्तूंची जागा थराथराने नोंदवली, म्हणूनच गळ्याभोवती ताइतांची केवढी दाटी होती हे आज सांगता येते. सापाच्या डोक्याचा ताईत ममीच्या गळ्याशी ठेवत. मृतांच्या जगात सर्पदंशापासून बचाव व्हावा हा त्यामागील हेतू होता.

आठवी पायरी: विकत घेण्याआधी थांबा

अभ्यासाची गोडी लागली की एखादा ताईत स्वतःजवळ असावा असे वाटू लागते. इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने प्राचीन वस्तूंचा व्यापार आणि निर्यात बंद केली आहे. त्याआधी वस्तू देशाबाहेर कायदेशीरपणे गेल्याची लेखी कागदपत्रे नसतील तर ती घेऊ नये, किंमत कितीही कमी असो. बनावट शेणकिडे एकोणिसाव्या शतकापासून प्रवाशांना विकले जात आहेत. सरळ, एकसारख्या व्यासाचे यंत्राने पाडल्यासारखे छिद्र आणि काहीच अर्थ न लागणारी चित्रलिपी या त्यांच्या नेहमीच्या खुणा आहेत. चोरून उकरलेला अस्सल ताईत मला बनावटीहूनही वाईट वाटतो, कारण तो उचलताना एका आईची किंवा मुलाची कबर विस्कटलेली असते आणि वर सांगितलेली सातवी पायरी कायमची पुसली जाते. कैरोच्या खान अल-खलिली बाजारात स्मरणवस्तू म्हणूनच विकली जाणारी प्रतिकृती घ्यायला काहीच हरकत नाही.

पहिला सराव

वहीत प्रत्येक ताइतासाठी क्रमांक, मोजमाप, पदार्थ, रंग, छिद्राची दिशा, झीज, प्राणी, काळ आणि ठिकाण असे रकाने याच क्रमाने आखावेत, आणि वस्तूखालचे संग्रहालयाचे वर्णन आपला शेवटचा रकाना भरल्यावरच वाचावे. सरावासाठी तीन वस्तू निवडाव्यात: कार्नेलियनचे सापाचे डोके, झिलई उडालेला शंखजिऱ्याचा शेणकिडा आणि पहिल्या मध्यांतर काळातील एखादा चिमुकला दगडी बेडूक. तिघांची छिद्रे शेजारी शेजारी रेखाटल्यावर एक लोंबणारा, एक आडवा ओवलेला आणि एक गळ्यालगत बसणारा, असे फरक आहेत का ते स्वतःच पडताळावे. या तिन्हींची ओळख विनासायास होऊ लागली की मग उत्तर काळातील देवताताइतांकडे वळावे. त्यांत मुकुट, डोक्यावरील चक्र आणि पाठीमागचा आधारखांब यांवरून ओळख पटवावी लागते, म्हणून त्यांच्यासाठी नवे रकाने असलेली वेगळी वही सोयीची ठरते.